डेंटल क्लिनिकमधली पीपीई: काही महिने रोज वापरल्यावर

एन-९५ मास्क, शील्ड (चेहऱ्यासमोरची पारदर्शक ढाल), नायट्राइल (कृत्रिम रबर) ग्लोव्हज आणि गाऊन, असा पीपीईचा, म्हणजे संसर्गापासून वाचवणाऱ्या साधनांचा, संच स्केलिंग (दातांवरचं कीटण काढणं) आणि एअरोटरच्या (हवेवर फिरणारं दात कोरायचं यंत्र) कामाला रोज वापरला.

शील्डवर वाफ धरते, ही तक्रार सगळेच करतात. दोष बहुतेक वेळा मास्कचा असतो. नाकावरची पट्टी एका हाताच्या चिमटीत दाबली की मधोमध टोक येतं, दोन्ही बाजूंना फट राहते आणि श्वास वर निसटतो. पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून कडेला दाबत न्यावी. वरचा पट्टा डोक्यावर मागे, खालचा कानांखालून मानेवर. मग मास्कवर हात ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा लागली तर पुन्हा बसवा. दाढीवर कडा बसतच नाही. व्हॉल्व्हवाला मास्क नकोच, आपला श्वास न गाळता पेशंटच्या तोंडावर जातो.

साधा एन-९५ कण अडवतो, रक्तलाळेचा शिंतोडा अडवेलच असं नाही. त्यासाठी शील्ड, हनुवटीखाली उतरणारी. मास्कऐवजी मात्र ती चालत नाही, एरोसोल (हवेत तरंगणारे बारीक तुषार) खालून शिरतो. कपाळावरचा फोम घाम पितो आणि नीट निर्जंतुक होत नाही. प्लास्टिकची पट्टी आणि बदलता येणारी शीट बरी. सारखं स्पिरिटने पुसलं की अँटीफॉग थर उडतो. लूप (डोळ्यांवर लावायची भिंगं) वापरत असाल तर शीट चेहऱ्यापासून पुढे असलेलीच शील्ड घ्या.

ग्लोव्हजमध्ये नायट्राइलला पसंती, आणि ती फक्त लेटेक्सच्या (नैसर्गिक रबराच्या) ॲलर्जीमुळे नाही. लेटेक्समधल्या गंधकामुळे ॲडिशन सिलिकॉन पुट्टी (दातांचं माप घ्यायचा मळण्याचा पदार्थ) सेट होत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो आणि इम्प्रेशन, म्हणजे दातांचा ठसा, वाया जातं. आधी लेटेक्स घातले असतील तर हात धुऊनच पुट्टी मळा. कोल्ड क्युअर ॲक्रिलिकचा (उष्णतेशिवाय घट्ट होणारं दंतकामाचं प्लास्टिक) मोनोमर, म्हणजे त्यात मिसळायचा द्रव, मात्र नायट्राइलमधूनही काही मिनिटांत आरपार जातो. त्या कामानंतर जोडी लगेच बदला. ग्लोव्हजवर सॅनिटायझर चोळून पुढचा पेशंट घेणं ही निव्वळ काटकसर, सुरक्षा नव्हे.

काढताना घाई नडते. आधी ग्लोव्हज, हात स्वच्छ. मग शील्ड मागच्या पट्ट्याला धरून, मग गाऊन, सगळ्यात शेवटी खोलीबाहेर येऊन मास्क, आणि पुन्हा हात. ग्लोव्हज व टाकायच्या शीट लाल पिशवीत, मास्क-टोपी पिवळ्या.

उपकरणं घासायला मात्र तपासणीचे पातळ ग्लोव्हज असिस्टंटला देऊ नका. स्केलरचं (कीटण खरवडायचं टोकदार उपकरण) टोक सहज आरपार जातं. जाड, कोपराकडे चढणारे रबरी हातमोजेच हवेत.