आचारी, आचार्य आणि कॉलशीट: शेड्यूलिंग सॉफ्टवेअरचा सात महिन्यांचा अनुभव

वाईच्या शूटिंगच्या अकराव्या दिवशी पहाटे पावणेपाच वाजता, आमच्या चित्रपटात पाठशाळेच्या आचार्यांची भूमिका करणारे सत्तरीतले अभिनेते मेणवलीच्या घाटावर गाडीतून उतरले, तेव्हा तिथे जनरेटरच्या माणसांखेरीज कोणीही नव्हते. त्यांचे दृश्य दुपारी दोनचे होते. ज्यांना पहाटे चारला आणायचे होते ते आचारी लॉजवर झोपलेले राहिले आणि सव्वाशे माणसांना साडेनऊपर्यंत नाश्ता मिळाला नाही. आदल्या रात्री मी कॉलशीटमध्ये, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणी कधी आणि कुठे यायचे हे सांगणाऱ्या कागदात, ‘आचाऱ्यांना पहाटे ४ वाजता गाडी’ ही ओळ घालायला सांगितली होती, आणि पडद्यावर ती तशीच दिसत होती. युनिटच्या फोनवर पोहोचलेल्या पीडीएफमध्ये मात्र ‘आचार्यांना पहाटे ४ वाजता गाडी’ असे उमटले होते. ड्रायव्हरने जे वाचले तेच केले, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. त्या ज्येष्ठ कलावंतांनी एका शब्दानेही तक्रार केली नाही, याचे मला अधिकच वाईट वाटले.

चूक कुठे झाली हे शोधायला मला दोन रात्री लागल्या. ‘ऱ्य’ टाइप करण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एकीत नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ‘ऱ’ वापरतात, तर दुसरीत साधा ‘र’, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह येते. माझ्या फोनवरचा कीबोर्ड पहिली पद्धत वापरतो, माझ्या सहायकाच्या लॅपटॉपवरचा दुसरी. आम्ही शेड्यूल आणि कॉलशीटसाठी वापरतो ते सॉफ्टवेअर पीडीएफ बनवताना अदृश्य चिन्हे गाळून टाकते, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या प्रत्येक ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे वेगळे शब्द आहेत हे शाळेतले मूलही जाणते. ज्या कागदावर सव्वाशे माणसांचा दिवस अवलंबून असतो, त्या कागदावर हा भेद पुसला जाणे मला क्षम्य वाटत नाही.

त्या दिवशी मी हा अनुभव लिहायला बसलो असतो तर एकच तारा दिला असता. पण पुढच्याच आठवड्यात नायिकेच्या नाटकाचा रद्द झालेला पुण्याचा प्रयोग अचानक शनिवारी लागला आणि माझे मत बदलले. मराठी चित्रपटाचे शेड्यूल लावणाऱ्या प्रत्येकाला शनिवार-रविवारच्या प्रयोगांची आणि मालिकांच्या तारखांची ही ओढाताण माहीत आहे. पूर्वी असा बदल झाला की एक्सेलमध्ये पहाट व्हायची. इथे मी तिची तारीख बंद केली, प्रत्येक दृश्याची एक अशा पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या आणि हिरव्या पट्ट्यांपैकी तिच्या सहा पट्ट्या उचलून पुढे नेल्या आणि प्रत्येक कलाकाराच्या कामाच्या व रिकाम्या दिवसांचा तक्ता लगेच नव्याने तयार झाला. वाड्याचे भाडे एका दिवसाने वाढते आहे हेही तिथेच दिसले. पंचवीस मिनिटांत निर्मात्यांच्या हाती नवे शेड्यूल होते. याबद्दल मी या सॉफ्टवेअरचा मनापासून ऋणी आहे.

बालकलाकारांच्या बाबतीतही त्याने मला सावध ठेवले. २०१७ च्या सुधारित नियमांनुसार मुलांना दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. ही मर्यादा एकदा भरून ठेवली की ती ओलांडणारा दिवस लाल होतो, आणि मग ‘एवढा एक शॉट घेऊन सोडू’ म्हणणाऱ्या दिग्दर्शकाला दाखवायला काहीतरी हाती असते. सॉफ्टवेअरने दाखवलेली सूर्यास्ताची वेळ मात्र डोळे झाकून घेऊ नये. वाईच्या पश्चिमेला पाचगणीचे पठार असल्याने ऊन पंचांगातल्या वेळेच्या बरेच आधी जाते.

पटकथा आयात करण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दृश्यांच्या मथळ्यांतल्या ‘आंतर’, ‘बाह्य’, ‘दिवस’, ‘रात्र’ यांपैकी काहीही त्याला कळले नाही आणि आमची ९४ दृश्ये हाताने भरावी लागली. दृश्याची लांबी पानाच्या आठव्या भागांत मोजण्याची रीतही देवनागरीत त्याच्यावर सोपवू नये. मात्रांमुळे उंच होणाऱ्या ओळी धरून त्याने आमची पटकथा दीडपट लांब ठरवली होती.

आता पैशांविषयी. महिन्याला सुमारे चार हजार रुपये याप्रमाणे सात महिन्यांत अठ्ठावीस हजार गेले आणि त्यात प्रत्यक्ष शूटिंग एकतीस दिवसांचे होते. मधल्या काळात वर्गणी थांबवण्याची सोय नाही, आणि खाते बंद केले तर जुने शेड्यूल उघडत नाही. लहान निर्मितीसंस्थेला हे परवडत नाही. तरीही मी पैसे भरले, कारण पॅचवर्कचे, म्हणजे राहिलेले किरकोळ शॉट घेण्याचे, दोन दिवस बाकी आहेत आणि सगळा हिशेब आत अडकलेला आहे.

‘ऱ्या’च्या तक्रारीवर ग्राहकसेवेने पहिल्यांदा कॉलशीट रोमन लिपीत लिहावी असे सुचवले. आमचे लाइटमन, ड्रायव्हर आणि आचारी मराठी वाचतात, त्यांच्या कामाचा कागद त्यांच्याच लिपीत मिळणे हा त्यांचा हक्क आहे, असे मी उत्तरात लिहिले आणि दोन्ही शब्दांचे अर्थ समजावून सांगितले. पाचव्या महिन्यात आलेल्या आवृत्तीत छापील मथळे सुधारले, पण ‘सूचना’ या रकान्यात चूक कायम आहे. तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद केली गेली होती. काल मी ती पडद्यावरच्या आणि पीडीएफमधल्या ओळीची छायाचित्रे जोडून पुन्हा उघडली. तोवर माझा सहायक कोणतीही कॉलशीट पाठवण्यापूर्वी प्रत्येक ‘ऱ्या’ शोधून नुक्त्याच्या ‘ऱ’ने पुन्हा लिहितो, आणि आचाऱ्यांना मी स्वतः फोन करतो.