किक ट्रिगर किट: पिएझो ठीक, पट्टी मस्त, कोन फेकून द्या

ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड) वाजवणाऱ्यांपैकी ज्यांना पायाखाली खरी किक, म्हणजे पेडलने वाजवायचा ड्रम, पाहिजे पण कंपनीचा किक पॅड परवडत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. ऑनलाइन ती रेडीमेड ट्रिगर किट (ड्रमवरच्या ठोक्याचा सिग्नल मशीनला देणारी) मिळतात ना, पिशवीत ॲल्युमिनियमची एक पट्टी, वायर जोडलेला ३५ एमएमचा पिएझो (धक्का ओळखणारी चकती), फोमचा काळा कोन आणि पाव इंची जॅक, त्यातलंच एक घेतलं. विक्रेत्याचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, हाच माल वेगवेगळ्या नावांनी विकायला असतो. जुन्या १४ इंची फ्लोअर टॉम ड्रमच्या शेलमध्ये (रिकाम्या सांगाड्यात) बसवलं, वरून टू-प्लाय मेश हेड (कातड्याच्या जागी दोन थरांची जाळी), पुढे पेडल, आणि वायर एसपीडी-३० या ऑक्टोपॅडच्या मागे किकचा जो ट्रिगर इन आहे त्यात.

पाचपैकी तीन स्टार. कुठे कापले ते सांगतो.

किट जसं आलं तसं लावलं तर रिस्पॉन्स बेकार. हळू मारलं की आवाजच नाही, जरा जोर लावला की एकदम फुल, मधलं काहीच नाही. आणि वरून डबल ट्रिगर, एकदा पाय मारला की धप-धप. बेंजो पार्टीत फास्ट चाल चालू असताना असं झालं तर कीबोर्डवाला मागे वळून बघतो हो. अशा वेळी जो तो सांगतो पिएझो बदल, भारीतला घे. पण पिएझो म्हणजे शेवटी पितळेच्या चकतीवर चिकटवलेलं सिरॅमिक, दाब आला की व्होल्टेज देतं, बास. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला सुट्टा घेतला तर किरकोळ पैशात मिळतो आणि किटमधला काही त्याहून वेगळा नाही. खेळ सगळा पिएझोपर्यंत धक्का कसा पोचतो त्याचा आहे. म्हणजे फोमचा. आणि नेमका तिथेच या किटवाल्यांनी हात आखडता घेतलाय.

कोन हातात घेऊन दाबून बघा. पॅकिंगच्या फोमसारखा, बोटाने दाबला की दबलेलाच राहतो, परत वर यायला वेळ घेतो. मेशखाली कायम दाबात राहिला की थोड्याच दिवसांत बसतो, मग त्याचं टोक आणि जाळी यांच्यात फट पडते आणि हळू मारलेलं पिएझोपर्यंत जातच नाही. तुम्ही मात्र सेन्स (मशीनची सेन्सिटिव्हिटी) वाढवत बसता. शिवाय कोनाचा बुडखा चकतीपेक्षा लहान आणि हॉट ग्लूचा एक जाड गोळा मध्ये टाकून चिकटवलेला, तो गोळा सुकला की दगड. सरळ काढून टाकला.

नवीन कोन गादीवाल्याकडच्या तुकड्यातून कापला. सोफ्याच्या सीटला ४० डेन्सिटीचा फोम घालतात तो मागा, कापलेले तुकडे पडलेलेच असतात त्यांच्याकडे, बरेचदा फुकटच देतात. नवी ब्लेड लावलेल्या कटरने हळूहळू कापायचा, बुडखा पांढऱ्या सिरॅमिकच्या गोलाएवढा आणि टोक साधारण अंगठ्याच्या नखाएवढं सपाट, अणकुचीदार नको, टोकदार केला की तो जाळीखाली वाकडा होऊन बसतो. चिकटवायला फेव्हिकॉल एसआर ९९८, दोन्हीकडे पातळ हात मारायचा, थोडं सुकू द्यायचं मग दाबायचं. रबरासारखा लवचिक राहतो, दगड होत नाही. उंची बघायला शेलच्या काठावर स्टीलची पट्टी आडवी ठेवा, कोनाचं टोक पट्टीच्या वर दोन-तीन एमएम आलं पाहिजे. जास्त वर ठेवला तर मेश मध्येच तंबूसारखी उचलली जाते आणि पिएझोवर सतत लोड, कमी ठेवला तर परत तीच फट.

आता पट्टीबद्दल, कारण ती खरंच चांगली आहे. जाड आहे, वाकत नाही, लगच्याच (हेड ताणायच्या बोल्टांच्या पकडीच्या) स्क्रूवर बसते म्हणजे शेलला भोक पाडावं लागत नाही, आणि मधोमध लांब खाच आहे त्यामुळे पिएझो पुढेमागे सरकवता येतो. या खाचेचा फायदा घ्याच. किटबरोबरच्या चित्रात पिएझो बरोब्बर मध्यभागी दाखवलाय. टॉमसाठी ठीक असेल, पण किकचा बीटर (पेडलचा हातोडा) दर वेळी एकाच जागी आपटतो आणि ती जागा कोनाच्या डोक्यावरच आली तर प्रत्येक ठोक्याला सिग्नल छताला जाऊन टेकणार. मधलं काही मिळत नाही ते यामुळे. मध्यापासून अडीच इंच बाजूला सरकवला आणि एकदम श्वास घेतल्यासारखं वाटायला लागलं, हळू, मध्यम, जोरात, सगळं वेगळं वेगळं. त्यानंतरही सिग्नल गरमच (जास्तच जोराचा) वाटला तर वायरमध्ये एक पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) टाका, १० के ते ५० के मधला कुठलाही, आणि कमी करा. माझ्याकडे त्याची गरज पडली नाही.

पिएझो आणि पट्टी यांच्यामध्ये फोमवाली डबल साइड टेप दिलीय, ती काढू नका. पेडलचा खडखडाट शेलमधून पट्टीवर येतो तो तिथे अडतो. सोल्डरिंग ठीकठाक आहे पण वायर नुसती लोंबकळत सोडलीय. पिएझोचं मरण नेहमी त्या जोडावरच असतं, म्हणून वायरला एक सैल वळसा देऊन पट्टीला टाय मारा. परत सोल्डर करायची वेळ आली तर २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री, आणि पांढऱ्या भागावर टेकवून लगेच उचलायची, जास्त वेळ धरली की वरचा चांदीचा थर निघून येतो आणि चकती गेली.

डबल ट्रिगरचं औषध किटमध्ये नाही आणि त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलंही नाही, याचा अर्धा स्टार कापलाय. मेश ट्रॅम्पोलिनसारखी उडवते, बीटर आपटून मागे येतो आणि पाय दाबलेला असेल तर परत जाऊन टेकतो. ऑक्टोपॅडच्या दृष्टीने ते दोन ठोके. म्हणून मेशच्या मागे, बीटर पडतो तिथे, रिबॉन्डेड फोमचा तुकडा द्यायचा, तोच तो रंगीबेरंगी चुऱ्याचा फोम जो स्वस्त गाद्यांत असतो. मागून लाकडाच्या फळीचा आधार देऊन जाळीला जेमतेम टेकेल इतका पुढे आणा, पिएझोच्या कोनाला मात्र लागू देऊ नका. बीटर प्लास्टिकच्या बाजूने वापरा, फेल्टने जाळी झिजते. आणि मेश ढिली ठेवू नका, ढिली जाळी ठोका संपल्यावरही हलत राहते.

एवढं झाल्यावरच सेटिंगला हात लावायचा. लोक उलटं करतात, आधी मेनू मग ड्रम. थ्रेशोल्ड (किती जोराच्या वरचा धक्का ठोका धरायचा) शून्यापासून सुरू करून बाजूला पाय आपटून बघा, नुसत्या आपटण्याने वाजायला लागलं तर एकेक करून वाढवा. स्कॅन टाइम म्हणजे पहिला धक्का कळल्यावर खरा जोर मोजायला मशीन किती थांबणार ते. हा फार कमी असेल तर एकाच जोराचे ठोके कमीजास्त वाजतात. माझा २ मिलिसेकंदांवर आहे आणि लेट वाटत नाही, वाटणारही नाही, हवेत आवाज ३ मिलिसेकंदांत साधारण एक मीटर जातो, म्हणजे स्पीकरपासून दोन पावलं लांब उभं राहिलात तर त्याहून जास्त उशीर होतो. मास्क टाइम म्हणजे एक ठोका घेतल्यावर किती वेळ कान बंद. तो घाबरत घाबरत ठेवू नका. १६० च्या टेम्पोला सिक्स्टीन्थ नोट वाजवल्या तरी दोन ठोक्यांत ९३ मिलिसेकंद असतात, त्यामुळे २०-२५ मास्क ठेवला तरी एकही खरा ठोका खाल्ला जात नाही, बीटरचा परतीचा टेका मात्र गायब. रिट्रिगर कॅन्सल (खोटा दुसरा ठोका गाळायचं सेटिंग) फोम लावल्यावर कमी करता आला, तो फार वर ठेवला तर फास्टमधले ठोके गिळतो.

आर्डुइनोवर (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) स्वतःचं मशीन करणाऱ्यांसाठी दोन ओळी. पिएझोला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टर लागतोच आणि पिनच्या रक्षणाला ५.१ व्होल्टचा झेनर डायोड. या किटमध्ये दोन्ही नाहीत, ऑक्टोपॅडला लागत नाहीत म्हणून बरोबरच आहे, पण विक्रेत्याने जाहिरातीत आर्डुइनोला चालतं असं छापलंय ते अर्धवट आहे.

मग घ्यावं का? हार्डवेअरमध्ये पट्टी कापून, वाकवून, भोकं पाडून घ्यायची तयारी असेल तर अजिबात नको, सुटे पिएझो आणा, दोन जास्तीचे आणा. हे सगळं करायला वेळ नसेल तर घ्या, पण कोनाचे पैसे गेले असं धरूनच घ्या. कोन सोडून बाकी सामान टिकाऊ आहे. फ्लॅटमध्ये वाजवणाऱ्यांनी खाली जाड रबर मॅट टाका, मेशमुळे हवेतला आवाज कमी होतो, पेडलचा दणका स्लॅबमधून खालच्या घरात जातोच आणि खालच्या काकूंना तुमचा मास्क टाइम सांगून उपयोग नाही.

जाता जाता, जॅकपासून ऑक्टोपॅडपर्यंतची वायर किटसोबत येत नाही. स्पीकरची उघडी जोडवायर वापरू नका, शिल्डवाली माइकची केबल घ्या, नाहीतर मंडपात लायटिंगचा डिमर चालू झाला की किक आपोआप वाजते.