फेअरी स्वोर्डफिशचं फ्लोटवालं मॉडेल (१/४८): आठ महिने हाताळल्यानंतर

स्वोर्डफिश हे दुसऱ्या महायुद्धात गाजलेलं, एकावर एक दोन पंखांचं ब्रिटिश नौदलाचं विमान. त्याचं हे मॉडेल गेल्या जूनमध्ये घेतलं तेव्हा दोन पर्याय समोर होते. एक चाकांचं विमान आणि दुसरं फ्लोटचं, म्हणजे चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे होडीसारखे पाय असलेलं. बहुतेक जण चाकांचं घेतात, कारण इटलीच्या टारांटो बंदरावरचा आणि बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेवरचा हल्ला या दोन्ही गाजलेल्या कामगिऱ्या त्याच रूपातल्या विमानांनी केल्या. मला मात्र हे विमान घडलं कसं, यात जास्त रस होता, म्हणून फ्लोटचं घेतलं. बांधायला साडेचार महिने लागले. तेव्हापासून ते टेबलावर रोज समोर आहे आणि मी ते बऱ्याचदा हातात घेतो. त्यामुळे हा अनुभव डबा उघडल्यादिवशीचा नाही.

सुरुवातीलाच मी एक चूक केली असं मला वाटलं होतं. वरचा पंख बसवल्यावर तो खालच्या पंखाशी समांतर दिसेना, टोकं किंचित मागे गेलेली. दोनदा काढून पुन्हा लावला. शेवटी कोनमापक धरून पाहिलं, तर साधारण ४ अंशांचा कोन. मग उलगडलं की तो तसाच असायला हवा.

ही ४ अंशांची गोष्ट मला या विमानातली सगळ्यात सुंदर वाटते. फेअरी कंपनीने ग्रीक नौदलाच्या गरजेतून सुरू केलेलं डिझाइन पुढे स्वतःच्या खर्चाने नेलं आणि टी.एस.आर. १ हे नमुना विमान २१ मार्च १९३३ रोजी चाचणी वैमानिक ख्रिस स्टॅनिलँड यांनी उडवलं, लंडनजवळच्या ग्रेट वेस्ट एअरोड्रोमवरून. आज तिथे हीथ्रो आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चाचणी चालू असताना विमान सपाट गिरकीत सापडलं आणि काही केल्या बाहेर येईना. स्टॅनिलँड यांनी पॅराशूटने उडी घेतली, ते वाचले, विमान गेलं. गिरकी मोडायला शेपटीला जास्त तरफ हवी, म्हणून पुढच्या विमानाचा मागचा सांगाडा एका खणाने लांबवला. पण शेपूट लांबली की वजनाचा मध्य मागे सरकतो. मग उचल देणारा पंखही मागे न्यायला हवा, म्हणून वरच्या पंखाला ती ४ अंशांची मागे झुकती ठेवण. टी.एस.आर. २ हे विमान १७ एप्रिल १९३४ ला उडालं. एका अपघाताचं उत्तर पंखाच्या रेषेत उमटलेलं मी स्वतःच्या बोटांनी जुळवलं, आणि हे मला कुठल्याही तक्त्यातून इतकं नीट कळलं नसतं.

आता फ्लोट. टी.एस.आर. म्हणजे टॉर्पेडो, तोफांच्या माऱ्याची नोंद आणि टेहळणी, अशी तिन्ही कामं एकाच विमानाने करायची. युद्धनौकेच्या तोफगोळ्यांचा मारा कुठे पडतोय हे वरून सांगायचं तर विमान त्या नौकेवरच हवं, आणि तिथे धावपट्टी नाही. म्हणून ते कॅटपुल्टने फेकायचं आणि काम झालं की पाण्यावर उतरवून क्रेनने वर घ्यायचं. टी.एस.आर. २ हेच विमान फ्लोट लावून इंग्लंडमधल्या हॅम्बलला १० नोव्हेंबर १९३४ रोजी उडालं आणि नंतर रिपल्स या नौकेवर त्याच्या चाचण्या झाल्या. एप्रिल १९३५ मध्ये ८६ विमानांची पहिली मागणी आली, तेव्हा नावही मिळालं, स्वोर्डफिश. जुलै १९३६ मध्ये ८२५ स्क्वाड्रनकडे ती पोचली.

मित्राच्या चाकांच्या मॉडेलमधला टॉर्पेडो मी मुद्दाम माझ्या विमानाखाली धरून पाहिला. या मापात तो सुमारे १० सेंटिमीटर लांब आणि ९ मिलिमीटर जाड भरतो. खऱ्याचा व्यास ४५ सेंटिमीटर, वजन सुमारे ७३० किलो. तीन माणसं, ६९० अश्वशक्तीचं पेगासस इंजिन, आणि पोटाखाली एवढं ओझं! चाकांच्या रूपात दोन्ही चाकांना जोडणारा आडवा आस का नाही, हे तिथे लगेच दिसतं: टॉर्पेडो खाली मोकळा सुटायला हवा. फ्लोट आले की त्यांचं वजन आणि हवेचा अडसर वाढतो. फ्लोटवाली स्वोर्डफिश नौकांवर प्रामुख्याने टेहळणीच्या कामात राहिली, ते ओझं हातात धरल्यावर पटतं.

तारांबद्दल सविस्तर सांगतो, कारण खरा त्रास इथेच आहे. दोन पंखांमधल्या तिरप्या तारांच्या जोड्या असतात. उडताना एक जोडी ताण घेते, जमिनीवर उभं असताना दुसरी. मी डाव्या बाजूला इलॅस्टिक दोरा वापरला आणि उजव्या बाजूला नायलॉन, तुलना करावी म्हणून. नायलॉन सप्टेंबरच्या दमट हवेत ताणून बसवला होता. डिसेंबरात हवा कोरडी झाली, तो आखडला आणि पंखांमधली एक दांडी सांध्यातून निखळली. इलॅस्टिकची बाजू आजही जशीच्या तशी आहे. तेव्हा नायलॉन नकोच. झटपट चिकटणारा गोंद काचेच्या भागाजवळ नेऊ नका, वाफेने पुढची काच पांढुरकी होते. माझी झाली, अजून तशीच आहे.

रंग तिसाच्या दशकातला, चंदेरी. त्यात प्रत्येक ओरखडा दिसतो. पावसाळ्यात मारलेला पहिला हात पांढरट पडला, खरवडून दिवाळीच्या सुमारास पुन्हा दिला. पंख मागे दुमडता येतात, पण तारा लावल्यावर ती सोय विसरावी लागते. पंखांचा विस्तार २९ सेंटिमीटर आहे, कपाटाची फळी आधी मोजा. फ्लोटवर विमान नुसतं उभं राहत नाही, त्याला किनाऱ्यावर ढकलायची ट्रॉली लागते. तीही मी तारांइतक्याच मनापासून बनवली, आणि धूळ फक्त मऊ कुंचल्याने झाडतो.

पुढचं काम ठरलं आहे. १३ एप्रिल १९४० रोजी नॉर्वेतल्या नार्व्हिकच्या दुसऱ्या लढाईत वॉरस्पाइट या ब्रिटिश युद्धनौकेवरून कॅटपुल्टने उडालेल्या अशाच फ्लोटवाल्या स्वोर्डफिशने, पेटी ऑफिसर राइस यांच्या हाती असताना, बॉम्ब टाकून यू-६४ ही पाणबुडी बुडवली. त्या युद्धात ब्रिटिश नौदलाच्या विमानाने बुडवलेली ती पहिली जर्मन पाणबुडी. फ्योर्डचं, म्हणजे तिथल्या डोंगरांमधल्या अरुंद खाडीचं, काळसर पाणी राळेत ओतून पाया करायचा आहे, आणि त्यासाठी मी हेच किट दुसऱ्यांदा मागवलं आहे.