थिऑलॉजीची (ख्रिस्ती धर्मशास्त्राची) डॉक्टरेट: बेळगावात राहून परदेशी, की बंगळुरूला जाऊन सेरामपूरची?

खानापूर-निपाणीकडे चर्चची मंडळी सांभाळणाऱ्या पाळकाला घर सोडवत नाही, म्हणून परदेशी पार्ट-टाइम पीएचडीची ओढ वाटते. पण आधी पुढच्या नोकरीचं बघा. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडी बसत नाही, त्यामुळे विद्यापीठात प्राध्यापकी हवी असेल तर ही वाट नकोच. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेत, शिकवायचं असेल, तर ती पदवी चालेल का हे प्रवेशाआधी तिथून लेखी घ्या.

सेरामपूर सिनेटच्या, म्हणजे भारतातल्या अनेक सेमिनरींना पदव्या देणाऱ्या संस्थेच्या, डॉक्टरेटसाठी बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात राहिलात, तर ग्रंथालय आणि मार्गदर्शक हाताशी असतात. घर रात्रभराच्या रेल्वेवर. रविवारची उपासना मात्र दुसऱ्यावर सोपवावी लागते.

ब्रिटिश पीएचडीला साधारण 80,000 ते 1,00,000 शब्दांचा प्रबंध आणि पार्ट-टाइम सहा-एक वर्षं धरा. फी पौंडांत, म्हणजे रुपया घसरला की दरवर्षी बोजा वाढतो. हिवाळ्यात तिकडची दुपारी 3 ची बैठक इथे रात्री 8:30 ला.

खरा निकाल विषय लावतो. लंडन मिशनरी सोसायटीचं बेळगावातलं काम 1820 पासूनचं. तिची कागदपत्रं लंडन विद्यापीठातल्या सोआस या संस्थेत आहेत. अशा विषयाला परदेशी नोंदणीच बरी, फक्त अभिलेखागारासाठी एक लांब मुक्काम आधीच धरून ठेवा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची मराठी भजनं घेतलीत, तर मराठी न येणाऱ्या मार्गदर्शकासाठी प्रत्येक ओळीचं भाषांतर करावं लागेल, आणि चुकीचा अर्थ त्याच्या लक्षातही येणार नाही. बंगळुरूतही हीच अडचण येऊ शकते. मराठी वाचणारा सहमार्गदर्शक नोंदणीच्या वेळीच मागा.