सत्तर टक्के, पण कशाचे? नागपुरातील एका आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) केंद्राचा अनुभव

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावाहून ये-जा करून, कापसाच्या चुकाऱ्यातील पैसे लावून, मागील वर्षी आम्ही उभयतांनी या केंद्रात उपचार घेतले. माझे वय तेव्हा 38 होते. दर्शनी भिंतीवर ‘यश 70 टक्के’ असा फलक आहे आणि माझी तक्रार मुख्यतः त्याविषयीच आहे.

बाकी व्यवस्थेला मी नावे ठेवणार नाही. डॉक्टर वेळ पाळतात, शिवाय रोजची इंजेक्शने गावातच घेण्याची मुभा त्यांनी दिली. ती थर्मासमध्ये बर्फाच्या पिशवीसोबत एसटीने आणून आरोग्य उपकेंद्रातील सिस्टरांकडून टोचून घेता आली.

अंडी मिळाली 9, त्यांतील 7 परिपक्व, 5 फलित झाली आणि पाचव्या दिवसापर्यंत 2 गर्भ टिकले. ही गळती स्वाभाविक असते, पण ती आधी कोणी सांगितली नव्हती. (सांगितली असती, तर जन्मभर सोयाबीन पेरणाऱ्या यांना ती माझ्याआधी कळली असती.) एक गर्भ गर्भाशयात सोडला, चौदाव्या दिवशी रक्ततपासणी सकारात्मक आली, समुपदेशक ताईंनी अभिनंदनही केले, सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मात्र ठोके दिसले नाहीत.

नंतर खोदून विचारल्यावर कळले की 70 टक्के म्हणजे सकारात्मक रक्ततपासण्या. त्याही गर्भ सोडण्यापर्यंत पोहोचलेल्या स्त्रियांच्याच, सर्व वयांच्या आणि दात्या स्त्रीची अंडी वापरलेल्यांसह. म्हणजे आमचे अपयशही त्या फलकावर यश म्हणूनच मोजले गेले असणार. ब्रिटनमध्ये अशा उपचारांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेच्या 2022 च्या आकडेवारीत, स्वतःची अंडी वापरल्यास, सोडलेल्या प्रत्येक गर्भामागे जिवंत मूल जन्मण्याचे प्रमाण 18 ते 34 वयोगटात 35 टक्के, तर 43-44 व्या वर्षी 5 टक्के आहे. एएमएच ही रक्तचाचणी चांगली आली तरी वयाचा हा फरक मिटत नाही; ती अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देते, त्यांचा दर्जा सांगत नाही.

म्हणून जाणाऱ्या जोडप्यांनी केंद्राची, अशा उपचार केंद्रांसाठीच्या 2021 च्या कायद्याखालील नोंदणी तर पाहावीच, पण आपल्या वयाच्या, स्वतःची अंडी वापरणाऱ्या किती स्त्रियांनी उपचार सुरू केले आणि त्यांपैकी किती जणी मूल घेऊन घरी गेल्या, हेही विचारावे.

आमचा दुसरा गर्भ तिथेच गोठवलेला आहे. माझ्या वयोगटाचा आकडा लेखी मागून दोन महिने झाले, तो अद्याप मिळालेला नाही.