साकुरासाठी, म्हणजे चेरीचा बहर बघायला, जपानला निघालाय? हॉटेलच्या व्हाऊचरवरची शेवटची ओळ आधी वाचा

जपानच्या सहलीत टूरवाल्याने फसवलं आणि आमचे ७,०१,३२४ रुपये गेले. आकडा पूर्ण लिहितेय, कारण नातेवाइकांना आम्ही अजून "थोडंफार नुकसान झालं" एवढंच सांगतो, आणि लोकांच्या अशा झाकपाकीवरच या माणसाचा धंदा चालू आहे.

मी, नवरा आणि सासूबाई असे तिघे २०२५ च्या मार्चअखेरीस नाशिकहून जपानला गेलो. विमानाची तिकिटं आम्ही स्वतः काढली होती, म्हणून निदान ती खरी होती. राहणं, रेल्वे पास आणि विमानतळावरची गाडी मुंबईजवळच्या या टूरवाल्याकडे दिली. माणशी १,६२,००० प्रमाणे ४,८६,०००, त्यावर जीएसटी २४,३०० आणि टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, २५,५१५. एकूण ५,३५,८१५ रुपये. आधी ५०,००० यूपीआयने, मग २,००,००० आणि शेवटी २,८५,८१५ एनईएफटीने. स्वस्तात मिळतंय म्हणून भुललो असं कोणी म्हणू नये. त्याचा भाव बाजारापेक्षा एक पैसा कमी नव्हता. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं अख्खं कुटुंब त्याच्यामार्फत बालीला जाऊन आलं होतं, तेही व्यवस्थित. कार्यालय होतं, जीएसटी नंबर होता, शिक्क्याची पावती होती. यापेक्षा माणसाने अजून काय बघायचं?

त्याच्या पत्रकावर "फुल ब्लूमची गॅरंटी", म्हणजे चेरी पूर्ण बहरात दिसेलच अशी हमी, छापलेली होती. टोकियोत हवामान खातं यासुकुनी मंदिरातल्या एका ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की बहर सुरू झाल्याचं जाहीर करतं. २०२३ मध्ये ती तारीख १४ मार्च होती, २०२४ मध्ये २९ मार्च. दोन वर्षांत पंधरा दिवसांचा फरक! अशा फुलांची गॅरंटी देणारा माणूस एकतर अडाणी असतो नाहीतर खोटारडा. त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

आता त्या व्हाऊचरबद्दल, म्हणजे हॉटेल बुकिंगच्या कागदाबद्दल. व्हिसासाठी दिवसवार कार्यक्रम आणि राहण्याचे पत्ते द्यावे लागतात. त्याने टोकियोच्या असाकुसा भागातल्या हॉटेलचं आणि क्योतोतल्या हॉटेलचं कन्फर्मेशन पाठवलं. दोन्हींवर आमची नावं बरोबर, तारखा बरोबर. अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पैसे हॉटेलवर पोहोचल्यावर द्यायचे आणि अमुक तारखेपर्यंत बुकिंग फुकट रद्द करता येईल. ती ओळ मी वाचली होती. नुसती वाचली नाही, तर फोन करून विचारलंही होतं, की आम्ही पूर्ण पैसे दिलेत मग हे काय? तो म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका. जपानमध्ये असंच असतं. आपली तिथली पार्टनर कंपनी चेक-इनच्या दिवशी पैसे भरते." त्याच आठवड्यात व्हिसा आला आणि माझी शंका मिटली. दूतावासाने हीच कागदपत्रं मान्य केली, म्हणजे ती खरीच असणार, असं मला वाटलं. कोणालाही वाटलं असतं. पण खोलीचे पैसे भरलेत की नाहीत याच्याशी व्हिसाचा काही संबंध नसतो, आणि या लोकांना हे पक्कं माहीत असतं. त्या ओळीवर माझं बोट होतं, त्या क्षणी हॉटेलला थेट एक मेल टाकला असता तर! रात्री झोप लागत नाही ती यामुळे.

असाकुसाला पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. नारिता विमानतळावर गाडी आलीच नव्हती, तेव्हाही "ड्रायव्हर ट्रॅफिकमध्ये आहे" असा मेसेज होता. काउंटरवरच्या मुलीने फार नम्रपणे स्क्रीन आमच्याकडे वळवली. बुकिंग रद्द झालेलं होतं, आमचा व्हिसा आल्यानंतर लगेच, फुकट रद्द करण्याची मुदत संपायच्या आत. रद्द झाल्याचा मेल गेला होता टूरवाल्याच्या पत्त्यावर, कारण बुकिंगला मेल आयडी त्याचाच होता. त्याचा फोन तेव्हापासून बंद. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखरे, बाहेर थंडी. त्या लॉबीतल्या खुर्चीवर बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मला म्हणत होत्या, "अगं, मी कुठेही झोपेन."

आणि ही वेळ कुठली? टोकियोत भरतो तो बहुतेक सोमेइ योशिनो जातीचा बहर. ही झाडं कलमांनी वाढवलेली, मुळात एकाच झाडाची रूपं, म्हणून एका भागातली सगळी एकदम फुलतात. आठवड्याभरात पूर्ण बहर आणि मग पाकळ्या गळायला लागतात. त्यामुळे जगभरचे लोक त्याच थोड्या दिवसांत येतात आणि खोल्या मिळत नाहीत. साकुराच्या नावाने फसवणारे याच गर्दीचा फायदा घेतात. पोहोचलेला माणूस सहल पुढे ढकलू शकत नाही, मिळेल त्या भावात खोली घेतो, आणि भांडायला परत येईपर्यंत पैसे कधीच हललेले असतात.

त्या रात्री एका लहानशा खोलीचे ४६,८०० येन दिले. मग टोकियोबाहेर ओमियाला तीन रात्रींचे १,०२,०००. क्योतोत काहीच परवडेना, म्हणून शेजारच्या ओत्सुमध्ये तीन रात्री, ९६,६०० येन. जेआर पासची, म्हणजे त्या रेल्वे पासची, त्याने दिलेली पीडीएफ स्टेशनवर दाखवली, तर तसा नंबरच नव्हता. शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनची बिनआरक्षित तिकिटं काढली, तिघांची ३९,९६० येन. जाता जाता सांगते, सात दिवसांचा हा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून एकदम ५०,००० येनांवर गेला. फक्त टोकियो-क्योतो-ओसाका करणाऱ्याला तो आता परवडतच नाही. तरी कोणी तो पॅकेजमध्ये घालत असेल, तर का घालतोय ते विचारा.

फॉरेक्स कार्डाच्या दराने हे सगळं १,६५,५०९ रुपये झालं. टूरवाल्याला दिलेल्या पैशांत हे मिळवलं की सुरुवातीचा आकडा येतो. ३० मार्चला टोकियोत पूर्ण बहर जाहीर झाला. त्या दिवशी आम्ही उएनो पार्कमध्ये होतो, माणसं झाडांखाली निळ्या ताडपत्र्या अंथरून जेवत होती, आणि नवरा वर न बघता फोनवर खोल्या शोधत होता.

परत आल्यावरचा छळ वेगळाच. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, कार्यालय तिकडे आहे, तिकडे जा. तिकडे गेलो, तर म्हणे तुम्ही नाशिकचे, पैसे नाशिकहून गेले, तिथेच द्या. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर घेता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. मी त्याची प्रिंट घेऊन गेले. ती न वाचताच बाजूला ठेवली. "मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे. त्याने व्हिसा तर काढून दिला ना?" हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. बुकिंग करून, कागद दाखवून, पूर्ण पैसे घेऊन मागच्या मागे रद्द करणं ही फसवणूक नाही, तर भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे कशासाठी? शेवटी साधा अर्ज घेतला आणि पोच मागितली तर "साहेब आल्यावर". बँकेचं उत्तर, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, समोरच्याच्या संमतीशिवाय परत येत नाहीत. म्हणजे चोराची संमती मी आणायची! एका हेल्पलाइनवर तर फार उशीर झाला म्हणाले. आम्हाला कळलंच टोकियोत, त्याआधी तक्रार कशाची करणार होतो? प्रत्येक खिडकीवर मला असं बघितलं गेलं, जणू गुन्हा मी केलाय.

आणि टीसीएस. सरकारच्या नावाने घेतलेले २५,५१५ रुपये आमच्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्यातल्या पत्रकात, आलेच नाहीत. सीएने सांगितलं, डिसेंबरपर्यंत दिलेल्या पैशांची नोंद फेब्रुवारीपर्यंत दिसायला हवी होती. परदेशी सहलीचे पैसे भरले असतील, तर विमानात बसण्याआधी आयकराच्या साइटवर ही नोंद बघा. नोंद व्हायची मुदत उलटूनही ती तिथे नसेल, तर त्याने तुमचा कर खाल्ला असणार, आणि जो कर खातो तो हॉटेलचे पैसे भरणार नाही. शक्यतो क्रेडिट कार्डाने द्या, त्यात निदान वाद घालता येतो. बुकिंगला मेल आयडी स्वतःचाच द्या. व्यवस्थित जाऊन आलेल्या मैत्रिणीचा शब्द हा पुरावा नव्हे, तिच्या वेळी त्याला चोरी करायची नव्हती एवढंच.

ग्राहक आयोगात मात्र तक्रार दाखल झाली. २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, तिकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला शुल्क २०० रुपये. त्याला पाठवलेली नोटीस "पत्त्यावर कोणी नाही" म्हणून परत आली. कार्यालयाच्या शटरवर आता मोबाइल दुरुस्तीचा बोर्ड आहे, पण तेच पत्रक, तोच गुलाबी फोटो आणि तीच "फुल ब्लूमची गॅरंटी" मला नव्या नावाने व्हॉट्सअॅपवर पुढच्या हंगामासाठी परत आली आहे.

तुमचे पैसे कोणाकडे गुंतलेले असतील, तर आजच हॉटेलचा नंबर त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून काढा, व्हाऊचरवरचा घेऊ नका. नाव आणि तारीख सांगून दोनच गोष्टी विचारा, बुकिंग चालू आहे का आणि पैसे भरलेत का. निघायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा विचारा. आमचं बुकिंग पहिल्या दिवशी खरंच होतं.