चिचेन इत्झा, कोबा की ‘एक बलाम’? कॅनकूनहून एकच दिवस हाताशी असेल तर

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या जवळजवळ नाहीतच. पाऊस चुनखडीत झिरपतो आणि खडकाच्या पोटातून वाहतो. जिथे वरचं छत कोसळतं तिथे डोह उघडा पडतो, तोच सेनोटे. इथल्या प्राचीन माया लोकांची शहरं या पाण्याच्या आधारानं वसली. चिचेन इत्झा, कोबा आणि ‘एक बलाम’ ही त्यांतलीच तीन, आज त्यांचे अवशेष उरलेत. म्हणून सकाळी अवशेष आणि दुपारी सेनोटे हा बेत मला फार योग्य वाटतो. निवड करताना मात्र नुसते अवशेष बघून ठरवू नका, अवशेष आणि सेनोटे अशी जोडी बघून ठरवा.

पहिल्यांदाच जात असाल आणि मुक्काम किनाऱ्यावरच्या कॅनकून शहरात असेल, तर चिचेन इत्झा. कुकुलकान या माया नागदेवतेच्या पिरॅमिडला चार बाजूंनी ९१-९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा धरून एक, म्हणजे वर्षाचे ३६५ दिवस. हे वाचून माहीत असलं तरी समोर उभं राहिल्यावर त्या गणिताचा दरारा वाटतो. समोर उभं राहून टाळी वाजवा, पायऱ्यांवरून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो. चेंडूचं मैदान १६८ मीटर लांब आहे, त्याच्या भिंतींवरची कोरीव शिल्पं घाईत सोडू नका. पिरॅमिडवर चढायला मात्र बंदी आहे. मधलं मैदान उघडं, सावली नाही, आणि वाटांच्या दुतर्फा विक्रेते. सहलीच्या बसगाड्या सकाळ चढता चढता येतात आणि मग गर्दी होते. त्यामुळे बस टाळा, गाडी भाड्यानं घ्या. चिचेन ज्या युकातान राज्यात आहे तिथलं घड्याळ कॅनकूनच्या एक तास मागे असतं. साडेसहाला निघालात तर अडीच तासांनी तिथे आठच वाजलेले असतात, म्हणजे दार उघडण्याची वेळ. परतताना तो तास जातो, तेवढं लक्षात ठेवून रात्रीचं जेवण ठरवा.

चिचेनच्या आवारात एक पवित्र सेनोटे आहे. त्यातून सोनं, जेड आणि माणसांची हाडं निघाली आहेत, तिथे पोहता येत नाही. पोहायचं ते तीनेक किलोमीटरवरच्या इक किलमध्ये. जमिनीपासून २६ मीटर खाली पाणी, वरून लोंबणाऱ्या वेली आणि मुळं. दिसायला तो अप्रतिम आहे. पण लाइफ जॅकेट सक्तीचं असल्यानं मनासारखं पोहता येत नाही आणि दुपारी पाण्यात खूप माणसं असतात. पोहता न येणाऱ्यांसाठी मात्र तीच सक्ती दिलासा ठरते.

मला स्वतःला जास्त आवडते ती कोबाची जोडी. मुक्काम समुद्रकाठच्या तुलुम गावाकडे असेल तर दुसरा विचारही करू नका, अंतर जेमतेम ४५ किलोमीटर. कोबाचे अवशेष जंगलात पांगलेले आहेत. आत सायकल भाड्यानं मिळते, चालवायची नसेल तर माणसासकट तीनचाकी सायकल मिळते. झाडांच्या सावलीतून जाताना तुम्ही ज्या वाटांवर असता त्यांतल्या काही खुद्द माया काळातल्या. इथून निघणारा एक पांढरा रस्ता थेट याशुना या दुसऱ्या माया शहरापर्यंत, सुमारे १०० किलोमीटर, बांधला होता. नोहोच मुल हा पिरॅमिड ४२ मीटर उंच, चिचेनच्यापेक्षा उंच. कोरीव काम मात्र झिजलेलं, शिलालेख नीट वाचता येत नाहीत.

आणि मग गाडीनं थोड्याच अंतरावर तीन सेनोटे. चू-हा म्हणजे छोटी गुहा, छतातून लोंबणारे चुनखडीचे झुंबर, आणि तळ दिसेल इतकं नितळ पाणी. तमकाच-हामध्ये उड्या मारायला लाकडी मंच आहेत, दहाबारा वर्षांच्या पुढची मुलं तिथून बाहेर यायला तयार नसतात. मुल्तुन-हा सर्वांत शांत. तिन्हींत उतरायला ओलसर जिना आहे. गुडघे दुखणाऱ्यांना घेऊन जात असाल तर हे आधी सांगा.

‘एक बलाम’ वायादोलिद शहरापासून अर्ध्या तासावर. ज्यांना शिल्पं निरखायची आहेत त्यांनी इथेच यावं. राजा उकित कान लेक तोकच्या समाधीचं दार म्हणजे दात विचकलेला अक्राळविक्राळ जबडा, आणि आजूबाजूला पंख असलेल्या मानवी आकृत्या, सगळं चुन्याच्या गिलाव्यात आणि थक्क करणारं शाबूत. हे पाहायला पायऱ्या चढाव्या लागतात. सगळीकडेच चढण्याचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. वर जाता येत नसेल तर हा पर्याय माझ्या यादीत तिसरा. जवळचा श्कांचे सेनोटे उघडा आणि हिरवागार, दीड-दोन किलोमीटर सायकलनं जायचं.

तुलुमचे अवशेष समुद्रामुळे देखणे आहेत, पण ते दीड-दोन तासांत संपतात, त्यांना पूर्ण दिवस देऊ नका.

अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आईवडिलांना सोबत नेता येतं. वैध अमेरिकी व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. त्यांच्यासाठी कोबाची तीनचाकी सायकल चिचेनच्या उन्हापेक्षा कितीतरी सुखाची. शाकाहारींनी घेवड्याची उसळसुद्धा विचारून घ्यावी, ती बऱ्याचदा डुकराच्या चरबीत शिजवतात. ‘सिन मांतेका’, म्हणजे चरबीशिवाय, म्हटलं की कळतं.

कुठल्याही सेनोटेत उतरण्याआधी अंघोळ करावी लागते, आणि सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लावून जाऊ देत नाहीत. हेच भूजल इथल्या गावांच्या पिण्याचं पाणी आहे. उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट न्या.